चोख कामाच्या आड

इंदूरच्या कापडगिरण्यांचे भोंगे थांबून कितीतरी वर्षं लोटली, तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या अजून निघतात. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार अशा एकेका गिरणीचं नाव मिरवणारे रोषणाईचे देखावे रात्रभर शहरातून फिरतात, आखाड्यांची पोरं पुढे पट्टा फिरवत चालतात आणि आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसं पहाटेपर्यंत रस्त्याच्या कडेला ठाण मांडून बसतात. ही परंपरा शंभरेक वर्षांची आहे. यातली हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि सुमारे ५,९०० कामगारांची देणी अडकली. ती चुकती व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. २२४ कोटी रुपयांचा निकाल लागला तेव्हा त्यातले कितीतरी जण हयात नव्हते. आणि तरीही त्या गिरणीच्या नावाची झांकी त्याच कामगारांनी, त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलांनी, वर्गणी गोळा करून, सरकारदरबारी मदत मागून, काढत ठेवली.

याला नुसतं उत्सवप्रेम म्हणून सोडून देता येत नाही. आज सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी संकुलात किंवा विजय नगरातल्या एखाद्या वित्तसंस्थेत काम करणाऱ्या तिशीतल्या माणसाला विचारा, तुझी कंपनी उद्या बंद पडली तर तीस वर्षांनी तिच्या नावाने काही करशील का? पगार महिन्याच्या महिन्याला होतो, बसायला थंडगार जागा आहे, आरोग्यविमा आहे, कापसाचा तंतू छातीत जात नाही. पण शनिवारी दुपारी त्या इमारतीचं नाव निघालं तरी त्याच्या कपाळावर आठी येते. गिरणीत कष्ट कमी होते असं म्हणायचा मूर्खपणा मी करणार नाही. साळखात्यातला गोंगाट, सूतखात्यातला दमटपणा, आळीपाळीने येणाऱ्या तीन पाळ्या आणि पन्नाशीतच जडलेला खोकला मी परदेशीपुऱ्यातल्या आणि पाटणीपुऱ्यातल्या घरांतून पाहिलेला आहे. मला म्हणायचं आहे ते एवढंच की तिथला थकवा उघडा होता. केसांत अडकलेलं सूत, सुजलेले पाय, खोकला हे सगळं बायकोला दिसत होतं, शेजाऱ्याला दिसत होतं, युनियनला दिसत होतं. आजचा थकवा चोख कामाच्या आड दडतो, आणि दडतो म्हणूनच तो जास्त दिवस माणसाला पोखरत राहतो.

बर्नआउट हा शब्द आपण हल्ली फार सैलपणे वापरतो. परीक्षेच्या आधी दोन जागरणं झाली की पोरं म्हणतात, बर्नआउट झालंय. त्याचा नेमका अर्थ वेगळा आहे. १९७४ साली न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी त्यावर पहिला महत्त्वाचा लेख लिहिला. व्यसनात अडकलेल्या तरुणांसाठी चालणाऱ्या मोफत दवाखान्यात ते काम करत होते. तिथले स्वयंसेवक काही महिन्यांत कोरडे पडतात, चिडतात, ज्यांच्यासाठी आले त्यांच्याविषयीच कडवट बोलू लागतात, हे त्यांनी पाहिलं, आणि स्वतःच्या बाबतीतही अनुभवलं. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ही माणसं आळशी नव्हती, सक्तीने जुंपलेली नव्हती आणि पगारासाठी आलेली तर नव्हतीच. ती सगळ्यांत जीव लावून काम करणारी होती. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तिची व्याख्या दिली आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं. संघटनेने तिला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी ती घटना आहे, असं म्हटलं आहे. तिची तीन अंगं सांगितली आहेत. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने लांब जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि कामातली परिणामकारकता घटणं.

माझं सगळं म्हणणं या तिसऱ्या अंगापाशी येऊन थांबतं. कार्यालयाला दिसतं ते फक्त तिसरं अंग, आणि कर्तव्यदक्ष माणसात तेच सगळ्यांत शेवटी येतं. ज्याला लहानपणापासून ‘दिलेलं काम अर्धवट टाकायचं नाही’ असं शिकवलं आहे, तो आतून पूर्ण विझला तरी काम पडू देत नाही. झोप देतो, नाटक देतो, मित्र देतो, जेवणाची चव देतो आणि काम मात्र उभं ठेवतो. मग साहेब म्हणतात, याचं उत्तम चाललंय. घरचे म्हणतात, कामाचा फार हुशार आहे. आणि उत्तम चाललंय म्हणून पुढचं काम त्याच्याच टेबलावर येतं.

सुदामा नगरात आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत. बँकेत स्केल टू अधिकारी, नोकरीला वीस वर्षं होत आलेली. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तो आता बोटाच्या ठशावरूनही घेतात, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा भांडी घासून, शेतात राबून पुसट झालेल्या असतात. यंत्र ठसा घेतच नाही. वहिनींच्या टेबलाच्या खणात एक स्वच्छ धुतलेला नॅपकिन असायचा. वहिनी आजींचं बोट ओल्या नॅपकिनने पुसायच्या, कोरडं करायच्या, जरा चोळून ऊब आणायच्या आणि मग स्वतःच्या हातात धरून यंत्रावर बेताने टेकवायच्या. अंगठा नाही तर तर्जनी, तर्जनी नाही तर अनामिका. तेवढ्या वेळात आजींच्या सुनेची, गुडघ्याची, गावाकडच्या घराची चौकशी होऊन जायची. यात पंधरा मिनिटं जायची. बँकेच्या कुठल्याही तक्त्यात ही पंधरा मिनिटं नव्हती.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे विमा आणि म्युच्युअल फंडाचं उद्दिष्ट आलं. रोज संध्याकाळी आढावा, रात्री दहाला व्हॉट्सॲपच्या गटावर ‘आज शाखेतून किती लॉगिन?’ असा प्रश्न, खाली इतर शाखांचे आकडे, आणि ज्यांचा आकडा शून्य त्यांचं नाव वेगळ्या रंगात. वहिनींचा आकडा कधीच शून्य नव्हता. सलग दोन वर्षं त्यांची शाखा विभागात वरच्या पाचांत होती. आणि त्याच दोन वर्षांत, त्यांच्याच तोंडून मी ऐकलं, ठसा उमटला नाही की त्या मान वर न करता म्हणायच्या, “सर्व्हर डाउन आहे, उद्या या.” सर्व्हर चालू असायचा.

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. “मला काही वाटलंच नाही हो,” असं म्हणाल्या, आणि मला वाटतं त्या एका वाक्यात सगळं निदान आहे. थकलेल्या माणसाला वाईट वाटतं. विझलेल्या माणसाला काही वाटेनासं होतं, आणि ते काही न वाटणंच त्याला काही काळ सोयीचं होतं, कारण त्यामुळे काम पटापट उरकतं. आकड्यांच्या भाषेत बोलायचं तर त्या दोन वर्षांत वहिनींची कार्यक्षमता वाढली होती. पंधरा मिनिटांचं काम त्या पंधरा सेकंदांत संपवत होत्या.

म्हणून लपलेला बर्नआउट ओळखायचा असेल तर कामाचा दर्जा पाहून भागत नाही. ज्या गोष्टी कोणी मोजत नाही त्यांच्याकडे पाहावं लागतं. शिक्षिका पेपर वेळेवर तपासते पण मागच्या बाकावरच्या मुलाचं नाव तिला आठवेनासं होतं. डॉक्टर रुग्ण तपासतो पण नातेवाइकांशी बोलायची वेळ आली की फोन कानाला लावून निघून जातो. सॉफ्टवेअरवाला मुलगा सगळे बग सोडवतो पण नव्या माणसाने शंका विचारली की ‘डॉक्युमेंटमध्ये आहे’ एवढंच सांगतो. घरात त्याच्या खुणा आणखी बारीक असतात. सानंद न्यासाच्या नाटकाचं तिकीट शेजारच्यांना दिलं जातं, पहिल्यांदा सर्दीमुळे, मग पाहुण्यांमुळे, मग काहीच कारण न देता. बहिणीचा फोन ‘नंतर करते’ म्हणून ठेवला जातो. रविवारी दुपारी चारनंतर माणूस गप्प होतो, कारण मनात सोमवार सुरू झालेला असतो. रात्री मात्र तो झोपत नाही, एक वाजेपर्यंत मोबाइलवर काहीबाही पाहत राहतो, कारण दिवसभरात त्याच्या मालकीचे तेवढेच दोन तास असतात. आणि घरच्यांनी विचारलं, काय झालंय, तर उत्तर येतं, “काही नाही, ठीक आहे.” तो खोटं बोलत नसतो. आतलं काही जाणवण्याची शक्तीच मंदावलेली असते.

यावर आपल्याकडचा ठरलेला आक्षेप मला माहीत आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. आमच्या वडिलांनी याच्या दुप्पट कष्ट केले, त्यांना नाही झालं ते बर्नआउट. हल्लीच्या पिढीला सोसत नाही. यातला एक भाग खरा आहे, कष्ट दुप्पटच होते. पण गिरणीचा भोंगा नुसता कामावर बोलवत नव्हता, तो कामावरून सोडतही होता. पाळी संपली की साचा दुसऱ्याच्या ताब्यात जायचा. कुठलाही जॉबर रात्री दहाला घरी येऊन ‘आज किती वार विणलं’ असं विचारत नव्हता. आणि विचारलंच असतं तर दुसऱ्या दिवशी फाटकावर सभा झाली असती. ज्या शहराने १९६२ मध्ये कामगार नेते होमी दाजींना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं, त्या शहरातल्या कामगाराला आपलं दुखणं एकट्याचं वाटत नव्हतं. ते शेजारच्या साच्यावरच्या माणसाचंही असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणखी मागे गेलं तर आपल्याच मुलखातला एक दाखला आहे, तो मराठी माणसाला तरी विसरता येऊ नये. आज आपण रविवारची सुट्टी सूर्य-चंद्रासारखी गृहीत धरतो. ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवली. फुल्यांचे हे सहकारी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून फॅक्टरी कमिशनपुढे गेले. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार अशा त्यांच्या मागण्या होत्या. गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. मधे जवळपास सहा वर्षं गेली. विसावा ही एकेकट्या कामगाराने वेळेचं नियोजन सुधारून मिळवलेली गोष्ट नाही. ती मागून, सह्या गोळा करून, नाकारली गेल्यावर पुन्हा मागून मिळाली आहे. आज आपण त्याच रविवारी लॅपटॉप उघडून बसतो, आणि कोणी बळजबरी केली असंही सांगता येत नाही.

मॅस्लाक यांनी मायकेल लायटर यांच्यासह पुढे एक विचार मांडला, तो मला फार उपयोगी वाटतो. कामाचं ओझं हे बर्नआउटच्या सहा कारणांपैकी फक्त एक आहे, असं ते म्हणतात. कामावर आपला ताबा किती, केल्याचं चीज होतं का, सोबतची माणसं आपली वाटतात का, न्याय मिळतो का आणि जे करतो ते मनाला पटतं का, ही उरलेली पाच. आता गिरणी या मापाने मोजून पाहा. ओझं भयंकर, ताबा जवळपास नाही, न्याय भांडून मिळवावा लागे. पण सोबत अशी होती की गिरणी मेल्यानंतरही टिकली, आणि कापड विणणं म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. वहिनींच्या शाखेत ओझं गिरणीपेक्षा पुष्कळ कमी. पण ज्या आजीला त्या विमा विकत होत्या तिला त्या विम्याची गरज नाही हे त्यांना माहीत होतं, आणि ज्या सहकाऱ्यांबरोबर डबा खायच्या त्यांच्याशीच आकड्यांची शर्यत लावलेली होती. मला वाटतं माणसाला पोखरलं ते याने. नऊ तासांचं काम त्याने सोसलं असतं.

म्हणूनच तासांचा वाद मला अर्धवट वाटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं, जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी नव्वदचा आकडा काढला, आणि देशभर चर्चा पेटली. तास महत्त्वाचे आहेतच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो, आणि २०१६ या एका वर्षात अशा कामापोटी पक्षाघात आणि हृदयविकाराने जगभर ७ लाख ४५ हजार माणसं गेली. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या कंपनीत लागून चारच महिने झालेली सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली आणि तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र आपण सगळ्यांनी वाचलं. या गोष्टींपुढे कोणताही युक्तिवाद तोकडा आहे. पण पंचेचाळीस तासांतही माणूस विझू शकतो, हे या वादात हरवतं. मग ज्याचे तास कमी आहेत तो स्वतःला विचारतो, मला थकायचा काय अधिकार? आणि आणखी खोल लपतो.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा. बर्नआउट हे पगारदारांचं लाडकं दुखणं आहे का? इंदूर २०१७ पासून वर्षामागून वर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं, त्यामागे रात्रभर रस्ते झाडणारे हजारो सफाई मित्र आहेत. आपण सराफ्यात गराडू आणि जोशींचा दहीवडा खाऊन निघतो तेव्हा त्यांचा दिवस सुरू होतो. आणि पहिला क्रमांक टिकवायचा म्हणजे दरवर्षी तोच ताण नव्याने. त्यांना या विषयावरचा लेख वाचायला सवड नाही, पण ताण त्यांनाही आहे, अंगणवाडी सेविकेला आहे, घरोघर डबे पोचवणाऱ्या मुलाला आहे. फरक इतकाच की त्यांचा ताण मागणी म्हणून मांडला जातो आणि आपला स्वभावदोष म्हणून. मला या शहराची एक गोष्ट मनापासून आवडते. गोगा नवमीच्या निमित्ताने सफाई मित्रांना सुट्टी देतात, आणि त्या दिवशी महापौर, नगरसेवक आणि नागरिक स्वतः झाडू घेऊन रस्त्यावर उतरतात. एका दिवसाने काही बदलत नाही, असं कोणी म्हणेल. पण सुट्टी घेणाऱ्याच्या वाटचं काम दुसऱ्याने उचललं तरच सुट्टी खरी, हे तत्त्व त्यात आहे. आपल्या कार्यालयांत सुट्टीवरून परतलेल्या माणसाला टेबलावर साचलेला ढीग मिळतो. सुट्टीचा गुण तीनेक आठवड्यांत उतरतो हे अभ्यासांतून दिसलं आहे, त्याचं हे एक साधं कारण असणार.

बाईच्या बाबतीत हिशेब आणखी वाकडा होतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८, असं आढळलं. वहिनींच्या घरी सासूबाईंचं पथ्य, मुलाची बारावी आणि सणवार हे सगळं बँकेच्या आधी आणि नंतर होतं. आपल्या मराठी घरांत ‘दोन्ही आघाड्या सांभाळते’ हे कौतुकाचं वाक्य आहे. ते कौतुक ऐकलेल्या बाईला ‘मला नाही झेपत’ म्हणणं जवळपास अशक्य होतं, कारण ते म्हणताक्षणी तिची घरातली ओळखच डळमळते. हे वाक्य आपण वापरायचं सोडून द्यावं असं मला फार वाटतं.

मग करायचं काय? योग दिनाला कार्यालयात चटया टाकणं आणि संध्याकाळी सहाला मनःस्वास्थ्यावर वेबिनार ठेवणं यांनी फारसं काही होत नाही. प्राणायामाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, मी स्वतः करतो. पण ज्या कारणाने माणूस विझला ते कारण कार्यालयात तसंच ठेवून त्याला घरी श्वास मोजायला सांगणं म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणं आहे. ‘सोडून दे नोकरी’ हा सल्लाही ज्याच्या डोक्यावर घराचं कर्ज नाही त्यानेच द्यावा.

पहिली गोष्ट अगदी रूक्ष आहे. रक्त तपासून घ्यावं. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते, बायकांत रक्त कमी असतं, थायरॉइड असतं, आणि यांचा थकवा बर्नआउटसारखाच दिसतो. दुसरं, नैराश्य वेगळं ओळखावं. बर्नआउटमध्ये, निदान सुरुवातीला, कामापासून लांब गेलं की जीव थोडा हिरवा होतो. मांडूला जाऊन आल्यावर दोन दिवस बरं वाटतं. जिथे कामाबाहेरही कशातच रस उरत नाही, पहाटे तीनला जाग येते, जगणं नको वाटतं, तिथे डॉक्टरच हवा. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चोवीस तास, मोफत आणि आपल्या भाषेत चालते. मानसोपचाराचं नाव आजही आपल्या घरांत दबक्या आवाजात निघतं. त्या संकोचापायी महिने वाया जातात.

तिसरी गोष्ट अवघड, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. सोबत काम करणाऱ्या निदान एका माणसाला हे सांगायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो काळजी करतो, मैत्रिणीला सांगितलं तर ती धीर देते. सहकाऱ्याला सांगितलं तर बहुतेक वेळा तो म्हणतो, मलाही. वहिनींनी डबा खाताना शेजारच्या काउंटरवरच्या भाऊंना आजीची आणि सर्व्हरची गोष्ट सांगितली. भाऊ बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, मीही तेच करतो. तिथून गोष्टी हलल्या. शाखेतल्यांनी ठरवलं की रात्री नऊनंतर गटावर कोणीच उत्तर द्यायचं नाही. एकाने दिलं नाही तर तो डोळ्यांवर येतो, सगळ्यांनी दिलं नाही तर ती शाखेची रीत होते. पहिले काही दिवस वरून फोन आले, मग कमी झाले. याला कायद्याचा आधार असता तर बरं झालं असतं. कामाच्या वेळेबाहेर संपर्क नाकारण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी असं खासगी विधेयक २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडलं, पण खासगी विधेयकांचं आपल्या संसदेत काय होतं हे सर्वश्रुत आहे. तोवर शाखेशाखेतल्या रितीच कामाला येतील.

साहेबांशी बोलताना वहिनींनी आणखी एक शहाणपणा केला. ‘मला ताण आहे’ असं त्या म्हणाल्या नाहीत, कारण त्याला ‘सगळ्यांनाच असतो’ हे उत्तर तयार असतं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी रोज दोन तास वेगळं टेबल हवं, त्या वेळात विक्रीचं काम नको आणि किती वृद्धांचं काम एकाच फेरीत झालं याची नोंद आढाव्यात यावी, एवढं कागदावर लिहून दिलं. म्हणजे ज्या कामात त्यांचा जीव होता तेच मोजायला लावलं. टेबल मिळालं. नोंदीचं अजून घोंगडं भिजत आहे.

याची किंमतही पडली. त्या तिमाहीत त्यांचं विम्याचं उद्दिष्ट चुकलं आणि पदोन्नतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. घरी त्यावरून बोलणं झालं. त्यांच्या यजमानांचं म्हणणं असं की आणखी एक वर्ष कळ काढायला हवी होती, आणि ते चूक आहेत असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मुलाच्या शिक्षणाचा खर्च समोर आहे. पण माणूस परत कामात येण्याची किंमत एकट्या त्याच्याच पगारातून का वसूल व्हावी, हा प्रश्न मला सोडत नाही. वहिनींनी तो आता संघटनेच्या पुढच्या बैठकीसाठी लिहून दिला आहे. विक्रीचं उद्दिष्ट माणसावर न लावता शाखेवर लावावं, आणि नोव्हेंबरात ते कमी करावं, अशी मागणी आहे. खाली शाखेतल्या बहुतेकांच्या सह्या आहेत. पहिली सही भाऊंची आहे.